वाट्याला आलेली कडी

माझी मावशी बसमध्ये कंडक्टर आहे. डेपोत तिला 'डबलबेल' म्हणतात, कारण तिची घंटी वाजली की ड्रायव्हर मागे वळूनसुद्धा बघत नाही, सरळ गाडी काढतो. आवाजही तसाच खणखणीत. "पुढे सरका, पुढे अख्खं वऱ्हाड मावेल एवढी जागा आहे," असं ती म्हणाली की माणसं आपोआप पोट आत घेतात. एकदा एका दारुड्याला तिनं भर चौकात गाडी थांबवून खाली उतरवलं, त्याची विसरलेली पिशवी खिडकीतून हातात दिली आणि वर "जपून जा हो" असंही सांगितलं. भांडणात कुणाच्या बापाला भिणार नाही अशी बाई.

पण एक गोष्ट ती वर्षानुवर्षं कुणाकडे बोलली नव्हती. सख्ख्या बहिणीकडे, म्हणजे माझ्या आईकडेही नाही, आणि काकांकडे तर मुळीच नाही. काका म्हणजे मावशीचे यजमान. पंपांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात लेथवर काम करतात. अबोल माणूस. मोजमाप हातातलं असेल तरच तोंड उघडणार.

ती गोष्ट सुरू झाली धाकट्या मुलाच्या वेळी. मूल मोठं होतं, कळा लांबल्या, शेवटी ओढूनच काढावं लागलं. अंग नीट भरून यायच्या आत मावशी पुन्हा ड्युटीवर उभी राहिली. काही महिन्यांनी संध्याकाळ झाली की तिला खाली जड जड वाटायला लागलं, जणू काही निसटून पडतंय. मग एक दिवस आंघोळ करताना हाताला काहीतरी लागलं. मऊ, गोल, आधी तिथं नसलेलं.

बायका याला 'अंग बाहेर येणं' म्हणतात. गर्भाशयाला धरून ठेवणारे स्नायू सैल पडतात आणि ते खाली सरकतं. सकाळी बरं असतं, दिवसभर उभं राहिलं की उतरतं, आडवं झालं की पुन्हा आत जातं. हे सगळं मला आता माहीत आहे. मावशीला तेव्हा एवढंच कळलं की बाळंतपणात आपल्या आतलं काहीतरी बिघडलं आणि आता ते असंच राहणार. सांगायचं कुणाला आणि कुठल्या शब्दांत? अळीमिळी गुपचिळी.

तिनं आपल्या परीनं मार्ग काढले. आत कापडाची जाड घडी घालायची. ड्युटीवर पाणी प्यायचं नाही, म्हणजे पुन्हा पुन्हा बाथरूम शोधावी लागत नाही. बसमधल्या मधल्या खांबाला टेकून, एक पाय पायरीवर ठेवून उभं राहायचं. खोकला आला तर आधी खाली बसायचं आणि मग खोकायचं. हे तिच्या इतकं अंगवळणी पडलं की बघणाऱ्याला वाटावं, बाईची ऐट आहे.

एकदा तिनं डेपो मॅनेजरकडे तिकीट खिडकीचं काम मागितलं. बसून करायचं काम.

"कारण?" साहेबांनी विचारलं.

"पाठ दुखते, साहेब."

झालं. पाठीचे फोटो काढले. पाठीला मलम आलं, कडक गादी आली, शेवटी कमरेचा रुंद पट्टा आला. पाठीनं बिचारीनं काही केलेलं नव्हतं, पण सगळे उपचार तिच्यावर झाले. पट्ट्यानं पोट आवळलं जायचं आणि खालचं आणखी खाली यायचं. आगीतून फुफाट्यात. फोटोत पाठ ठणठणीत दिसली म्हणून खिडकीचं कामही मिळालं नाही.

घरातही एक बदल झाला होता. मावशीनं आपला पलंग बाहेरच्या खोलीत आणला होता. कारण कुणी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. आम्ही नातेवाईक मनात समजायचो की नवरा-बायकोचं काहीतरी बिनसलं असेल, वयाप्रमाणे बिनसतंच.

मग ती दुपार आली. सकाळपासून तिला लघवीच होत नव्हती. पोट फुगलं, दुखायला लागलं, तरी तिनं एक फेरी पूर्ण केली. दुसऱ्या फेरीत ती प्रवाशाच्या सीटवर बसली. ड्रायव्हरनं आरशात पाहिलं. इतक्या वर्षांत डबलबेल कधी बसलेली त्यानं पाहिली नव्हती. त्यानं कुणाला न विचारता गाडी बायकांच्या सरकारी हॉस्पिटलच्या दारात नेऊन उभी केली आणि प्रवाशांना म्हणाला, "दोन मिनिटं. आमची कंडक्टर आजारी आहे." एक माणूस कुरकुरला. त्याला बाकीच्यांनीच गप्प केलं.

मावशीनं फोन मला केला. माझी आई दुसऱ्या गावी, आणि मी हॉस्पिटलपासून जवळ राहते. मला तेव्हा चार महिन्यांची मुलगी होती. तिला सासूबाईंच्या मांडीवर ठेवून मी धावत गेले.

लांबलचक व्हरांडा, खांद्यापर्यंत हिरवा रंग मारलेल्या भिंती, जमिनीला बोल्टनं ठोकलेली बाकं. तोवर नर्सनं नळी घालून लघवी काढली होती आणि मावशीच्या जिवात जीव आला होता. मी पडद्याबाहेर थांबले. आत डॉक्टरबाई तपासत होत्या. थोड्या वेळानं मावशीची हाक आली, "ये गं आत. आता काय लपवायचं राहिलंय?"

डॉक्टरबाई चाळिशीच्या, बारीक, चष्म्याची दांडी चिकटपट्टीनं जोडलेली. त्यांनी विचारलं, "किती दिवसांपासून हे बाहेर येतंय?"

"धाकटा झाल्यापासून."

"म्हणजे?"

"तो आता दाढी करतो."

डॉक्टरबाई हसल्या नाहीत आणि रागावल्याही नाहीत. 'आधी का नाही आलात' असंही त्यांनी विचारलं नाही. मावशी नंतर मला म्हणाली, "ते विचारलं असतं ना, तर मी नळी काढून घेऊन घरी गेले असते."

गर्भाशय उतरल्यामुळे मूत्राशयाची वाट दुमडली होती, म्हणून लघवी अडली, असं त्यांनी समजावलं. उपाय दोन. एक ऑपरेशन, सैल पडलेलं पुन्हा वर बांधून घ्यायचं. दुसरा, सिलिकॉनची एक गोल रिंग आत बसवायची, ती गर्भाशयाला खालून आधार देते. ठरावीक काळानं काढायची, धुवायची, पुन्हा घालायची.

"यातलं चांगलं कुठलं?" मावशीनं विचारलं.

"खरं सांगू? मलाही नक्की माहीत नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "दोन्ही उपाय जुने आहेत. दोन्हींनी बरं वाटतं. पण दिवसभर उभ्यानं काम करणाऱ्या बायकांना दोन वर्षांनी कशानं जास्त बरं वाटतं, हे आमच्या बायकांना कुणी नीट विचारलेलंच नाही. आम्ही आता तेच विचारतोय. त्याचा अभ्यास चालू आहे इथे."

अभ्यासाची पद्धत अशी होती: ज्या बायका तयार होतील त्यांच्यातल्या निम्म्यांना रिंग, निम्म्यांना ऑपरेशन. कुणाला काय, ते कॉम्प्युटर ठरवणार. ना बाई, ना डॉक्टर.

"म्हणजे लॉटरी," मावशी म्हणाली.

"लॉटरीच. आणि नाही म्हणालात तरी उपचार होणारच. बाहेर जाऊन चहा घ्या, विचार करा, घरच्यांशी बोला."

मावशी घरच्यांशी बोलली नाही. बाहेर बाकावर बसून माझ्याशी बोलली. "इतक्या वर्षांत मला या बाबतीत कुणी काही विचारलं नाही गं," ती म्हणाली. "आता कुणी विचारतंय, तर नाही कसं म्हणू?" मग म्हणाली, "आणि मला ऑपरेशनच येणार. एकदाच काय तो निकाल लागेल."

तिला आली रिंग.

तिचा चेहरा असा पडला की अभ्यासाच्या ताई पाणी आणायला उठल्या. ताई म्हणजे बायकांशी बोलून सगळी माहिती घेणारी मुलगी, नुकतीच नोकरीला लागलेली. मावशीनं पाणी घेतलं नाही. बाहेर येऊन ती धपकन बाकावर बसली. शेजारी एक जाडसर बाई रुमालात तोंड खुपसून रडत होती. ती आणि तिचा नवरा कपड्यांना इस्त्री करायचं दुकान चालवायचे. तीही दिवसभर उभी. पुढे आम्ही तिला इस्त्रीवालीच म्हणायला लागलो, आणि तीही त्या नावाला ओ द्यायची.

"काय आलं?" मावशीनं विचारलं.

"ऑपरेशन," इस्त्रीवाली हुंदका देत म्हणाली. "माझी नणंद चालत गेली होती हो ऑपरेशनला. परत आलीच नाही. मला ती कडी बसवा म्हणावं, मी जन्मभर धुवीन."

"मला कडी आलीय," मावशी म्हणाली. "आणि मला नकोय."

मग मावशी उठली. "मग रडता कशाला? हे तर मी रोज करते. खिडकीवाल्याला आत बसवायचं, आतल्याला खिडकी द्यायची. चला."

मी "अगं मावशी" म्हणेपर्यंत दोघी आत पोचल्या होत्या. ताईंना काही सुचेना. त्यांनी डॉक्टरबाईंना बोलावलं. डॉक्टरबाई हातमोजे काढत आल्या आणि दोघींचं म्हणणं पूर्ण ऐकून घेतलं.

"अदलाबदल नाही करता येणार," त्या म्हणाल्या.

"का? दोघींचा आनंद आहे. कुणाचं काय जातंय?"

"असं बघा. ज्यांना ऑपरेशनची भीती नाही त्या सगळ्या एका बाजूला गेल्या, आणि ज्यांना भीती वाटते त्या सगळ्या दुसऱ्या बाजूला. दोन वर्षांनी समजा ऑपरेशनवाल्या जास्त खूश निघाल्या. तर मला काय कळलं? ऑपरेशन चांगलं, की धीट बायका मुळातच बऱ्या होतात?"

मावशी गप्प झाली. डेपोत तिला असं गप्प करणारं माणूस मी आजवर पाहिलेलं नाही. मग ती म्हणाली, "पटतंय मला. पण पटलं म्हणजे आवडलं असं नाही."

"आवडलं पाहिजे असं नाहीच," डॉक्टरबाई म्हणाल्या. "नको असेल तर अभ्यासातून बाहेर पडा. कोणी रागावणार नाही. तुम्हाला ऑपरेशन हवं तर नेहमीच्या यादीत नाव घालते, आणि यांना रिंग हवी तर रिंग देते. फक्त मग तुम्ही आमच्या अभ्यासात नाही."

इस्त्रीवाली म्हणाली, मी नवऱ्याला विचारून सांगते. मावशी म्हणाली, "घाला तुमची कडी. बघू काय उजेड पाडते ती."

पहिल्या कडीनं उजेड पाडला नाही. आठवडाभरात डेपोच्या बाथरूममध्ये मावशीला जोरात शिंक आली आणि कडी टपकन खाली पडली. तिनं ती धुतली, वर्तमानपत्रात गुंडाळली, ड्युटी संपल्यावर हॉस्पिटलात नेली आणि नर्सच्या टेबलावर ठेवली. "हे तुमचं. सांडलं."

नर्स पोट धरून हसली. वय झालेली, अनुभवी बाई. तिनं अशा पुष्कळ कड्या सांडलेल्या पाहिल्या होत्या. "माप चुकलं," ती म्हणाली, "एक नंबर मोठी घेऊ." मग तिनं मावशीला स्वतःची स्वतः घालायला शिकवलं. एक पाय स्टुलावर, कडी दोन बोटांत दाबून लांबट करायची, मागच्या बाजूला सरकवायची, सोडली की ती आपली आपण उघडते. मावशीला घाम फुटला. गर्दीत कोपरं मारून वाट काढणारी बाई, आपल्याच अंगाला हात लावायला लाजत होती. नर्स म्हणाली, "अहो, तुमचंच आहे ते. शेजारणीचं नाही." तिसऱ्या प्रयत्नाला जमलं.

दुसरी कडी बसली ती बसली. काही दिवसांनी मावशीचा मला फोन आला. "अगं, आज गंमतच झाली. ड्युटी संपली, मी बसमधून उतरले, आणि मग लक्षात आलं की सकाळपासून मला त्याची आठवणच झाली नाही." मग म्हणाली, "आणि दोन बाटल्या पाणी प्यायले."

याच सुमारास, एकदा आम्ही दोघी तपासणीसाठी त्या हिरव्या भिंतीच्या बाकावर बसलो होतो, तेव्हा ती माझ्या आजीबद्दल बोलली. आजी उठताना नेहमी भिंतीला धरून उठायची, खोकताना एक हात ओटीपोटाखाली दाबून धरायची, आणि कुणी लांब चालायला बोलावलं की "माझे पाय दुखतात" म्हणायची. "पाय नव्हते दुखत तिचे," मावशी म्हणाली. "आता कळतंय मला. आम्ही पोरी तिला आळशी म्हणायचो गं." मग माझ्याकडे वळून एकदम कंडक्टरच्या आवाजात, "तू पाच महिन्यांची बाळंतीण आहेस. आधी स्वतःला तपासून घे. मी इथेच बसलेय." मी तपासून घेतलं. थोडं सैल होतं, काळजीचं नव्हतं.

काकांना कळलं ते वेगळ्याच वाटेनं. हे मला मावशीनंच सांगितलं. रविवारी सकाळी तिनं कडी काढून धुतली आणि वाळायला साबणाच्या खणात ठेवली. तेवढ्यात दारावर कुणीतरी आलं म्हणून ती गेली. परत येऊन बघते तर काका स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलेले, एका हातात कडी, दुसऱ्या हातात कारखान्यातली मोजपट्टी.

"अगं, हा वॉशर कुठला?" त्यांनी विचारलं. "माल चांगला आहे. पण आपल्या कुठल्याच नळाला हे माप नाही."

मावशी म्हणाली, "माझ्या तोंडून आधी हसूच फुटलं." मग तिनं गॅस बंद केला, समोर बसली आणि सांगितलं. सगळं. धाकट्याच्या वेळचं, घडीचं, पट्ट्याचं, बस हॉस्पिटलला नेल्याचं. काकांनी कडी हळूच रुमालावर ठेवली.

"म्हणजे तू बाहेर झोपायला गेलीस ती," ते म्हणाले, "माझ्या घोरण्यामुळे नाही?"

"घोरण्यामुळे?"

या गृहस्थांनी इतकी वर्षं असं गृहीत धरलं होतं की आपण घोरतो म्हणून बायको वैतागून बाहेर गेली. बोलायची लाज, म्हणून मनातल्या मनात उपाय चालले होते. रात्रीचं जेवण कमी केलं. सिगारेट सोडली, आम्हा सगळ्यांना वाटलेलं की छातीसाठी सोडली. कुणीतरी सांगितलं म्हणून सदऱ्याच्या पाठीला आतून चेंडू शिवून घेतला होता, उताणं झोपता येऊ नये म्हणून. मावशीनं तो सदरा कितीदा धुतला होता. चेंडू बघून तिला वाटायचं, कारखान्यातलं काहीतरी असेल.

"मी हसले, मग रडले, मग पुन्हा हसले," मावशी म्हणाली. "आणि घोरतात तर ते अजूनही. पण आता मी कोपरानं ढोसते." पलंग त्याच आठवड्यात आत गेला.

इस्त्रीवाली काही दिवस आलीच नाही. ताईंनी फोन केला तर उचलेना. शेवटी नवऱ्याला घेऊन आली, त्याच्यासमोर डॉक्टरबाईंना एकूणएक शंका विचारल्या आणि ऑपरेशनला उभी राहिली. मावशी शिफ्ट संपवून गणवेशातच वॉर्डात तिला बघायला गेली. पलंगावर पडल्या पडल्या इस्त्रीवाली म्हणाली, "जिवंत आहे की मी!" जणू याचा दोष मावशीचाच. नंतर काही आठवडे वजन उचलायची मनाई होती, म्हणून नवऱ्यानं इस्त्री हातात घेतली आणि अर्ध्या गल्लीच्या शर्टांच्या कॉलरी करपवल्या. तिचं ऑपरेशन चांगलं झालं. अंग पुन्हा बाहेर आलं नाही. मात्र खोकलं की थोडी लघवी व्हायची, ती बरेच महिने. मग व्यायामानं कमी झाली. दोघींची गट्टी जमली ती कायमची. फोनवर पहिला प्रश्न ठरलेला. "काय म्हणते कडी?" "काय म्हणतात टाके?"

मावशीचंही सरळ पार पडलं असं नाही. वर्ष होत आलं तेव्हा तिला बरं वाटत होतं, आणि बरं वाटलं की माणूस विसरतो. कडीबरोबर आत लावायला दिलेलं मलम तिनं लावायचं सोडलं, कडी काढून धुवायचं लांबवलं. एक दिवस रक्ताचा डाग दिसला. आत घासून जखम झाली होती. कडी काढून ठेवावी लागली, आणि जखम भरेपर्यंत सगळं पुन्हा पूर्वीसारखं. जड, उतरलेलं, संध्याकाळी नकोसं. आता तर जास्तच वाईट, कारण मधे बरं वाटून गेलेलं. ती डॉक्टरबाईंकडे गेली आणि म्हणाली, "पुरे झाला अभ्यास. माझं नाव काढा आणि मला ऑपरेशनची तारीख द्या."

"देते," डॉक्टरबाई म्हणाल्या, आणि दिलीही. "फक्त एक विनंती. ऑपरेशन करून घ्या, पण प्रश्नांची उत्तरं देत राहा. ज्या बायका कंटाळून सोडतात, त्यांचंच आम्हाला जास्त ऐकायचं असतं."

तारीख दोन-अडीच महिन्यांनंतरची होती. तोवर जखम भरली. नर्सनं कडी पुन्हा बसवून बघू म्हटलं. बसली. मावशी ड्युटीवर जायला लागली, मलम न चुकता लावायला लागली. तारीख जवळ आली तेव्हा ती हॉस्पिटलला फोन करून म्हणाली, दुसऱ्या कुणाला द्या. मला म्हणाली, "सुंठेवाचून खोकला गेला." मी म्हटलं, "मावशी, कडी म्हणजे सुंठच की." "ते खरं," ती म्हणाली.

डेपोत बायकांसाठी एक खोली आहे. दोन लोखंडी कपाटं, एक आरसा, एक पंखा. तिथे एक तरुण कंडक्टर रोज कमरेचा पट्टा आवळून बसायची. मावशीनं एक दिवस विचारलं, "पाठ?"

"हो. पाठ."

"पाठ, की खाली?"

त्या मुलीनं आधी दाराकडे पाहिलं. मग मान खाली घालून हळूच म्हणाली, "खाली."

मावशी तिला घेऊन गेली. मग झाडू मारणाऱ्या बाईंना घेऊन गेली. मग आणखी एकीला. डेपो मॅनेजरनं मावशीला बोलावलं. "सगळ्या बायकांना एकदम त्या हॉस्पिटलात काय काम निघालंय?"

या वेळी मावशीनं पाठीचं नाव काढलं नाही. "साहेब, अंग बाहेर येतं. गर्भाशय. बाळंतपणानंतर विश्रांती नाही, आणि वर दिवसभर उभं." बसच्या शेवटच्या सीटपर्यंत पोचेल अशा आवाजात. बाहेरचा शिपाई उठून दूर गेला. साहेब पंख्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "एवढं मोठ्यानं नका सांगू. काय करायला हवं ते सांगा." त्यानंतर हॉस्पिटलची चिठ्ठी आणणाऱ्या बाईला काही महिने तिकीट खिडकी मिळायला लागली. मावशीलाही दिली. ती महिनाभर बसली आणि परत बसवर गेली. "खिडकीतून माणसांची नुसती बोटं दिसतात," म्हणाली. "मला अख्खी माणसं लागतात."

दोन वर्षं संपली तेव्हा ताई शेवटचे प्रश्न विचारायला बसल्या. एक प्रश्न असा होता: पुन्हा निवडायचं झालं तर काय निवडाल? मावशीनं सांगितलं, "तेव्हा मला ऑपरेशन हवं होतं, आता नको. हे कडीमुळे की वयामुळे, ते तुमच्या कॉम्प्युटरला विचारा."

नंतर काही महिन्यांनी अभ्यासातल्या सगळ्या बायकांना हॉस्पिटलच्या शिकवायच्या हॉलमध्ये बोलावलं. मीही गेले. एरवी जिथे होऊ घातलेले डॉक्टर बसतात त्या उतरत्या बाकांवर बायका बसल्या होत्या: शिक्षिका, भाजीवाल्या, शिवणकाम करणाऱ्या, मावशी आणि इस्त्रीवाली. डॉक्टरबाईंनी सोप्या भाषेत सांगितलं. ऑपरेशनवाल्या थोड्या जास्त समाधानी निघाल्या. कडीवाल्यांपैकी काहींनी मधेच ऑपरेशन करून घेतलं, पण ज्यांनी कडी ठेवली त्यातल्या बहुतेकींना ती बदलायची नव्हती.

"मग जिंकलं कोण?" मागून कुणीतरी विचारलं.

"कुणी नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पण आता नवीन बाई आली की मला तिला खरं काय ते सांगता येईल. आणि निवड तिची तिला करता येईल. तुम्हाला ती मिळाली नव्हती. म्हणून आज बोलावलं."

टाळ्या वगैरे काही झाल्या नाहीत. बायका आपसात बोलायला लागल्या, ते बोलणं कितीतरी वेळ थांबेना. मग मावशीनं हात वर केला. "आमचं झालं. पण आमच्या मुलींना हे होऊ नये म्हणून काय?"

त्याचा नवा अभ्यास तेव्हा सुरू होत होता: बाळंतपणानंतर लगेच, स्नायू घट्ट करणारे व्यायाम शिकवून काही फरक पडतो का. वर्षभरानं मला मुलगा झाला आणि मी त्यात नाव घातलं. निम्म्या बायकांना व्यायाम शिकवायला माणूस घरी येणार, निम्म्यांना फक्त माहितीचं पत्रक मिळणार. मला पत्रक मिळालं. मावशी चिडली. "हे कसलं? जाऊन बोलू का मी?" पण दाराशी चप्पल घालता घालता ती थांबली, आणि पुन्हा आत येऊन बसली. "नको," ती म्हणाली. "कुणीतरी पत्रकवालंही लागतंच."

त्या अभ्यासाचा निकाल अजून लागायचा आहे. मावशीची नोकरी आणखी काही वर्षं आहे. ती ठरल्याप्रमाणे तपासणीला जाते, जुनी नर्स निवृत्त झाली त्याबद्दल हळहळते आणि नव्या नर्सला कडीचं माप आधीच सांगून टाकते. ऑपरेशनचं विचारलं की म्हणते, निवृत्त झाल्यावर बघू, आत्ता कुणाला वेळ आहे. मागच्या महिन्यात काका आणि ती टेकडीवरच्या बागेत गेले होते, पायऱ्या चढून. वर पोचल्यावर काकांना धाप लागली, तिला नाही. तिनं मला फोन करून एवढंच सांगितलं, आणि मग वरून गाव कसं दिसतं त्याबद्दल बराच वेळ बोलत राहिली.